यांच्या ताटाचा आकडा

आमच्या घरात भाकऱ्या मोजायची पद्धत कधीच नव्हती. तव्यावरून उतरत राहायच्या, ज्याला हव्या तेवढ्या तो घ्यायचा. माझ्या सासूबाई तर जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघूही द्यायच्या नाहीत, दृष्ट लागते म्हणून. अशा घरात मी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई, रोज सकाळी मोबाईलवर मुलाचा मेसेज वाचून नवऱ्याला भाकऱ्या मोजून वाढत होते. हेच कोणी मला दुसऱ्या घरातलं म्हणून सांगितलं असतं, तर मी त्या बाईला वेड्यात काढलं असतं.

आमचं घर वसईत, पश्चिमेला, गावात. मागे वाडी आहे. केळी, थोडा सोनचाफा, अळू आणि एक विहीर. हे सत्तरीला टेकलेत. आम्ही ख्रिस्ती, तरी नवऱ्याचं नाव न घेण्याची सवय मला लागली ती लागलीच, म्हणून इथेही ‘हे’च म्हणते. एकुलता एक मुलगा लग्नानंतर नायगावला नव्या टॉवरमध्ये राहायला गेला, ऑफिसला जायला बरं पडतं म्हणून. हाकेच्या अंतरावर आहे, पण येतो रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतरच.

मागच्या नाताळाच्या आधी यांच्या पायाची जखम काही केल्या भरेना, म्हणून रक्त तपासलं. साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. माझे डोळेच पांढरे झाले. हे मात्र शांत. एवढी वर्षं केळी पिकवली, थोडी अंगात उतरणारच, म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, वजन थोडं उतरवा आणि बेताने जेवा म्हणून सांगितलं. बेताने म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मुलाने मात्र ते फार मनावर घेतलं. त्याचा बापावर जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या घालाल. पुढच्याच रविवारी तो एक घड्याळ घेऊन आला. काळा रबरी पट्टा, काटे नाहीत, आणि मनगटाला टेकतं त्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकणारा. ठोके कळतात, झोप कळते, माणूस दिवसभरात किती हलला आणि अंगातलं किती जाळलं ते सगळं कळतं, असं त्याने सांगितलं. यांनी दोन्ही हातांनी ते घड्याळ घेतलं. मुलाने आपल्या पगारातून बापाला काही आणायची ही पहिलीच वेळ नव्हती, पण अंगावर घालायची वस्तू पहिलीच. संध्याकाळी गल्लीतल्या चार घरांत जाऊन दाखवून आले.

घड्याळातलं सगळं आमच्या घरच्या मोबाईलवर उतरायचं आणि तिथून नायगावला, मुलाच्या मोबाईलवर दिसायचं. रोज रात्री तो ते बघणार, आणि दुसऱ्या दिवशी डॅडींनी किती खायचं त्याचा आकडा मला सकाळी कळवणार, असं ठरलं. जास्त हालचाल झाली तर ताटात जास्त, बसून राहिले तर कमी. “साधं गणित आहे, मम्मी,” असं तो मला म्हणाला. मला, जिने त्याला पाढे शिकवले. पण खरं सांगू, मला ते आवडलं. आमच्याकडे आजारपण म्हणजे शेजारपाजारच्या दहा बायांचे दहा सल्ले. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, कुणाच्या मामाचा कसला काढा. त्यापेक्षा हे बरं, आकडा आला की आकडा पाळायचा. त्यात कुणाचं मत नाही.

पहिले काही दिवस ठीक गेले. न्याहारीला दोन भाकऱ्या, दुपारी भात आणि मासळीचं कालवण, रात्री पुन्हा भाकरी. मग आकडा उतरायला लागला. मुलाचा फोन आला, म्हणाला, डॅडी फारच कमी हलतात. मी म्हटलं, अरे, ते दिवसभर वाडीत असतात. तर म्हणतो कसा, मम्मी, वाडीत असणं आणि वाडीत काम करणं यात फरक आहे, आता गडी ठेवलाय ना, डॅडी विहिरीच्या कठड्यावर बसून गप्पा हाणत असतील. मलाही ते पटलं. वाडी लांबट आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुढच्या केळींच्या पलीकडचं काही दिसत नाही. आणि माझे गुडघे असे, की कामाशिवाय मी तिकडे फिरकत नाही. त्या दुपारी जेवताना मी यांना चिडवलं, काय हो, वाडीत जाऊन झोपा काढता वाटतं, नायगावपर्यंत बातमी गेलीय. हे हसले नाहीत. एरवी माझं टोमणे मारणं त्यांना आवडतं, पण त्या दिवशी मान खाली घालून भात संपवला आणि उठून गेले.

दुसऱ्या आठवड्यात आकडा आणखी खाली आला. मग भाताची वाटी छोटी झाली. मग रात्रीची भाकरी गेली आणि तिच्या जागी भाजीचं सूप आलं, जे यांना जन्मात आवडलं नाही. मला वाटायचं, आज तरी बोलतील, आज तरी ताट सरकवतील. आमच्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कालवणात मीठ कमी म्हणून ताटावरून उठलेला हा माणूस. पण नाही. वाढलं तेवढं खायचे, बोटं चाटायचे, ताट स्वतः मोरीत ठेवायचे. मी मनात म्हणायची, बघा, वयाने माणूस किती शहाणा होतो.

मग राखेचा बुधवार आला आणि ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. त्यानंतर तर कुणाला काही वावगं वाटायचा प्रश्नच उरला नाही. आमच्याकडे या दिवसांत जो तो काही ना काही सोडतो; कोणी मटण, कोणी दारू, कोणी चहा. चर्चमध्ये यांचे गाल बसलेले बघून लोक म्हणायचे, यंदा उपवास मनापासून चाललाय. फादरनीही दारात थांबवून शाबासकी दिली. मी काय केलं असेल? मी फुशारले. घरी येऊन मुलाला फोन करून सांगितलं. तोही खूश. वजन उतरतंय, म्हणाला, सिस्टिम काम करतेय.

यांना घाम यायचा. सकाळी शर्टाची बटणं लावताना बोटं थरथरायची. एकदा दुपारी टीव्हीचा रिमोट सापडेना तर एवढे ओरडले माझ्यावर, की मी भिंतीला टेकून उभी राहिले. चाळीस वर्षांत आवाज चढवला नव्हता. थोड्या वेळाने येऊन म्हणाले, काय झालं मला कळलंच नाही. मी म्हटलं, वय झालंय आपलं, दुसरं काय. सगळं वयाच्या खात्यावर टाकलं की माणूस मोकळा होतो.

उपवासकाळ संपत आला होता, झावळ्यांचा रविवार जवळ आला होता, तेव्हाची गोष्ट. भाताची पेज काढून ठेवली, मासळी तळली, आणि यांचा पत्ता नाही. मागच्या दारातून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा माझाच आवाज मला कसासाच वाटला. गुडघे धरत वाडीत शिरले. विहिरीचा कठडा रिकामा. केळींच्या मागे गेले.

हे पाटात आडवे पडले होते. पाणी सोडायचा पाट, पण तो तिथे कधीच नव्हता. ताजा खणलेला, कमरेएवढा रुंद, वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला. फावडं बाजूला. बनियन पिळून काढावं असं भिजलेलं, आणि अंग गार. डोळे अर्धे उघडे होते पण मला बघत नव्हते. मी हलवलं तर मला ‘बाय’ म्हणाले. बाय म्हणजे त्यांची मोठी बहीण, ती जाऊन कैक वर्षं झाली.

मी किती जोरात किंचाळले ते मला माहीत नाही. कुंपणापलीकडून माझी धाकटी जाऊ धावत आली. ती स्वतः साखरेची जुनी पेशंट, तिने बघताक्षणीच ओळखलं. घरात पळाली, साखर आणली, बोटाने यांच्या गालाच्या आतून चोळत राहिली आणि मला म्हणाली, रिक्षा बोलाव, रडू नंतर. मी मोबाईल धरला तर मला आकडे दिसेनात. शेवटी तिच्याच नवऱ्याने रिक्षा आणली. रिक्षात मी यांचं मनगट धरून बसले होते, नाडी लागते का बघत, आणि वाटेत एकदा लक्षात आलं की मनगट मोकळं आहे. पडलं असेल पाटात, एवढंच डोक्यात आलं.

हॉस्पिटलात त्यांना सुई लावली, सलाईन चढवलं. डॉक्टर बाहेर आले ते आमचे नेहमीचेच. साखर इतकी खाली गेली होती की आणखी थोडा उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोललो असतो, म्हणाले. मग विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? मी मुलाचा मेसेज काढून मोबाईलच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, वर सरकवून आदल्या दिवसाचा वाचला, त्याच्या आदल्या दिवसाचा वाचला. त्यांचा चेहरा बदलत गेला.

“हे दिवसभर काय करतात?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तसं काही नाही, बसूनच असतात.

ते मला आत घेऊन गेले आणि यांचा हात उलटा केला. तळव्यावर फोड होते. काही फुटलेले, काही त्यांच्याखाली नवीन आलेले, आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलवटून लाल झालेली.

“हे बसून आलेत?” डॉक्टर म्हणाले.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. गोळी तेवढीच, कष्ट दुप्पट आणि जेवण निम्मं, हे घरात कुणी ठरवलं, असं ते विचारत होते. मी रोज त्या हातात ताट दिलं होतं. हात कधी बघितला नव्हता.

मुलगा ऑफिसमधून तसाच आला. बापाला बघितलं आणि त्याचा रंग उडाला. मग त्याने काय करावं? खिशातून मोबाईल काढला. मला असा संताप आला की वाटलं तो हिसकावून खिडकीबाहेर भिरकावावा. पण तो बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “मम्मी, यात तर डॅडी आज हललेच नाहीत.”

तेवढ्यात जाऊ आली, आमच्या घराला कुलूप लावून, विहिरीवरची मोटार बंद करून. तिच्या हातात एक बिस्किटांचा डबा होता. पंपाच्या खोलीत वरच्या फळीवर होता, म्हणाली. आत स्वच्छ धुतलेला रुमाल, आणि रुमालात ते घड्याळ.

तिला वाटलं आम्हाला माहीत असेल. रोजच ठेवतात, म्हणाली. वाडीत शिरले की आधी पंपाच्या खोलीत जायचं, घड्याळ उतरवून पुसायचं, रुमालात बांधून डब्यात ठेवायचं आणि मग फावडं धरायचं. काम झालं की हातपाय धुऊन पुन्हा घालायचं. आणि गड्यालाही त्यांनी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच बंद केला होता. तिने विचारलं तेव्हा म्हणाले होते, मला जमतंय अजून.

“पण ते पाण्यात चालतं! मी सांगितलं होतं त्यांना, पाण्यात, चिखलात, कशातही चालतं,” मुलगा म्हणाला.

चालत असेल बाबा. पण आमच्या घरात कधी नवी वस्तू चिखलात गेलीय? आमच्या लग्नातल्या काचेच्या बश्या अजून कपाटात आहेत, पाहुणे आले तर निघतात आणि धुऊन परत जातात. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. यांचा चांगला शर्ट सणाला अंगावर चढतो आणि मिस्सा संपली की घरी येऊन आधी उतरतो. आणि हे तर मुलाने दिलेलं घड्याळ. यांनी ते चर्चला जाताना घालायचं, जेवताना घालायचं, संध्याकाळी टीव्हीसमोर बसताना घालायचं. म्हणजे त्या घड्याळाला यांचं फक्त बसणं माहीत होतं. बाकीच्या वेळी मोबाईलवर ठोकेही नव्हते, नुसती रिकामी जागा होती, आणि ती मुलाने पाहिली नाही, कारण तो खालचा एकच आकडा बघायचा. त्याच आकड्यावरून तो मला ताट कळवायचा आणि मी ते वाढायची.

रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. सकाळी हे शुद्धीवर आले, मला माझ्या नावाने ओळखलं, चहा मागितला. जीव भांड्यात पडला. मुलगा घरी गेलाच नव्हता. पलंगाशेजारी स्टूल ओढून बसला आणि पहिला प्रश्न त्याने विचारला तो घड्याळाचा. हे आमच्या घरच्या बोलीत बोलले. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला अर्धी कळायची नाही, म्हणून साध्या मराठीत सांगते.

हे म्हणाले, तूच म्हणालास ना की त्याला ठोके कळतात, अंगात काय चाललंय ते कळतं. डॉक्टर नाही का, नुसती नाडी धरतो आणि महिन्याभराचं सांगतो. संध्याकाळी घातलं की दिवसभराचं त्याला कळत असेल, असं मला वाटलं. मग तू ताट कमी केलंस. मी म्हटलं, पोराला दिसतंय की आपलं काम कमी पडतंय. म्हणून गड्याला नको म्हटलं आणि स्वतः खणायला घेतलं. तरी कमीच केलंस. मग म्हटलं, अजून करू.

म्हणजे जितकं ताट कमी, तितकं हे जास्त खणत होते, आणि जितकं जास्त खणत होते तितका वेळ ते घड्याळ डब्यात. मी आयुष्यभर फळ्यावर गणितं मांडली. असलं गणित मी कुठल्या पुस्तकात पाहिलं नाही आणि बघायची इच्छाही नाही.

मुलाने बापाचा फोडांचा हात हातात घेतला होता. सोडत नव्हता.

“डॅडी, भूक लागत होती तर मम्मीकडे मागायचं होतं ना. तिने वाढलं असतं.”

“वाढलं असतं,” हे म्हणाले. “पण मागून कसं खाऊ? तुला वाटलं असतं, बाप आता बसून खातो.”

मुलगा रडला. मोठा झाल्यावर मी त्याला रडताना पाहिलं ते तेव्हाच. बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उलट त्यालाच समजावलं, अरे, तू माझ्या भल्यासाठीच केलंस, मला काय कळत नाही? माझा राग तर कुठल्या कुठे गेला होता. मी नुसती दोघांकडे बघत होते, आणि मनात एकच चाललं होतं, की हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हाताखाली झालं.

मग सिस्टर जेवणाचा ट्रे घेऊन आली. डॉक्टरांनी पोटभर जेवायला सांगितलंय, म्हणाली आणि पलंगावरचं टेबल पुढे ओढून ट्रे ठेवून गेली. वरण, भरपूर भात, दोन चपात्या, भाजी, दही. मी चमचा यांच्या हातात दिला. हातात सुई होती तरी त्यांनी तो नीट धरला. भाताकडे बघितलं. त्यांना इतकी भूक लागली होती की घशाची गाठ खालीवर होत होती, मला ती दिसत होती. पण चमचा भातात गेला नाही. त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं.

“एवढं सगळं खाऊ?” त्यांनी विचारलं.

मुलगा अजून डोळेच पुसत होता. मी म्हटलं, खा हो, सगळं खा, तुमचंच आहे. त्यांनी ऐकलं. तरी चमचा तसाच धरून, तो हो म्हणतो का, याची वाट बघत ते त्याच्याकडेच बघत राहिले.